वास चालेल, मासा नाही

हे तुम्हाला पटणार नाही, आणि पटलंच तर डॉक्टरला दाखवून घ्या. पण अलाबामातल्या आमच्या गावात कॉर्डेल पेटवे नावाचा एक पोरगा असा धावायचा, की मैदानावर मी चुन्याने मारलेल्या पांढऱ्या रेघा त्याच्या पायांमागे ओढल्या जायच्या. सामना संपला की दाताळ्याने ओढून मला त्या परत जागेवर आणाव्या लागत. कॉलेजच्या त्या मैदानाची निगा मीच राखायचो, तेव्हा मला ठाऊक नसेल तर कुणाला?

ही गोष्ट मी परवाच्या शनिवारी अर्नेस्टीनच्या दुकानात काढली. अर्नेस्टीन म्हणजे कॉर्डेलची थोरली बहीण; नदीकाठी मासे तळून विकते. सामना सुरू झाला की ती रेडिओ अगदी बारीक करते, कारण वरच्या खोलीत कॉर्डेल असतो आणि सामन्याच्या दिवशी तो खाली उतरत नाही. विषयाला तोंड फोडलं होरेसने. हा निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांना पत्रं वाटली, आता मतं वाटतो. हल्ली कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळायला लागलेत, ते त्याला खुपतं. म्हणाला, शिक्षण फुकट, जेवण फुकट, आणखी काय आरती ओवाळायची? आपल्या वेळची पोरं कशी प्रेमाने खेळायची.

"प्रेमाने," मी म्हटलं. "बस होरेस, तुला त्या प्रेमाचीच गोष्ट सांगतो."

चेंडू काखेत मारून पळायचा आमचा हा फुटबॉल. कॉर्डेल सुटला की लोकांची आरोळी मागेच राहायची; तो पल्याड पोचून, पाणी पिऊन बाकावर टेकला की मग ती धापा टाकत यायची. अख्खं गाव त्याच्या नंबरची जर्सी घालून हिंडायचं. पाद्रीसुद्धा झग्याखाली तीच घालायचा. त्या जर्स्या विकून कॉलेजने स्टेडियमला नवा मजला चढवला, आणि कोचला असं घर दिलं की स्वयंपाकघरातून निघालेली कॉफी झोपायच्या खोलीत पोचेस्तोवर गार व्हायची.

आणि कॉर्डेल उपाशी. फुकटचं जेवण होतं खरं, पण रविवारी संध्याकाळी मेस बंद. सरावातून नोकरीला सवड नाही, खिशात दमडी नाही. बहीण तेव्हा लांब, कोंबड्यांच्या कारखान्यात राबत होती. आणि नियम असा, की मेसबाहेर कुणी खेळाडूला घासभर खाऊ घातलं तर त्याचा खेळच बंद. मग मी मैदानामागच्या शेडमध्ये मासा तळायचो आणि तो कुंपणापलीकडे उभा राहून वास घ्यायचा. नुसत्या वासावर पोराचं अंग भरलं. ते पाहून चौकशी समिती आली. टाय लावलेल्या त्या साहेबांनी दिवसभर खल करून निकाल दिला: वास चालेल, मासा नाही, आणि वास घेताना जबडा हलला तर ते जेवण धरलं जाईल.

होरेस हसला नाही. "असेल बाबा असा नियम," म्हणाला. रेघांनाही त्याने मान डोलावली होती, कॉफीलाही.

मग नोव्हेंबरात एका सामन्यात दोन धटिंगण कॉर्डेलच्या गुडघ्यावर पडले. असा आवाज झाला की नदीपल्याडची कुत्री रडायला लागली. पुढच्या शनिवारी त्याच नंबरची जर्सी दुसऱ्याच पोराच्या अंगात होती, आणि लोक आरोळी तीच ठोकत होते.

शिष्यवृत्ती एकेका वर्षाची. कॉलेजच्या मनात आलं तर पुढे चालू. गुडघ्याची शस्त्रक्रिया लगेच व्हायला हवी होती, नाहीतर खेळ सोडाच, पोराला धड चालताही येणार नव्हतं. तिचा खर्च कोण करणार विचारलं की कॉलेज म्हणे, बघू. कॉर्डेल दवाखान्यात दाराकडे डोळे लावून पडलेला. कोच येईल म्हणायचा. कॉर्डेलला कॉलेजात न्यायला आला तेव्हा याच कोचने त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून, तिच्या हातचा मक्याचा पाव खात शब्द दिला होता, की पोटच्या पोरासारखा सांभाळीन.

इथवर आलं की माझी जीभ नेहमी अडते. अर्नेस्टीन कढईपाशी पाठमोरी उभी होती. तळायचं तिने केव्हाच थांबवलं होतं.

"मग आला कोच," मी म्हटलं. "टोपी हातात घेऊन आला. खाटेजवळच्या खुर्चीत रात्रभर बसला, लहान पोरासारखा रडला. म्हणाला, बाळा, गुडघ्याचा खर्च आमच्याकडे, शिक्षणही आमच्याकडे. तू फक्त बरा हो."

होरेसने रुमालाने डोळे टिपले. "बघ," तो म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

अर्नेस्टीनने झारा खाली ठेवला आणि वळली.

"खोटं बोलताय तुम्ही, अंकल एनिस," ती म्हणाली. "त्या खोलीत खुर्ची एकच होती, आणि तिच्यात रात्रंदिवस मी बसले होते. मला कुणी ऊठ म्हणालं नाही."