नवव्या भोकाचा उतार

कृष्णराव साहेब नेहमीसारखे गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि म्हणाले, "बोल तेजराम, कोनीकडे उतरते?"

आठ वर्षं हा प्रश्न तेजरामच्या कानावर पडत होता. पवनी आणि अड्याळच्या मधल्या त्या कंट्री क्लबात साहेबलोकांच्या गोल्फच्या काठ्या वाहणारे सहा जण होते, पण हिरवळीचा उतार सांगावा तो तेजरामनेच. कारण अगदी साधं होतं. नवव्या भोकाची हिरवळ आज आहे तिथे त्याच्या बापाची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर होतं. बुलडोझरने धुरे-बांध मोडले, वर विलायती गवत अंथरलं, इंजिनिअरने नकाशावर 'सपाट' लिहून हात झटकले. तेजरामने मात्र त्याच बांधीत वीस वर्षं चिखलणी केली होती. पाणी कुठे साचतं आणि कुठल्या कोपऱ्यातून पळतं, हे त्याच्या तळपायांना पाठ होतं.

कृष्णराव राईस मिलचे मालक आणि क्लबचे उपाध्यक्ष. मैदानाचा मुकादम येत्या महिन्यात रिटायर होणार होता आणि ती जागा तेजरामला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. "एवढी फायनल झाली का सही करतो." आठ वर्षं रोजीवर राबलेल्या माणसाला कायम नोकरी म्हणजे काय, हे मिलवाल्यांना सांगून कळायचं नाही. त्याच्या बायकोने, क्लबातच निंदणीला येणाऱ्या पंचफुलाने, ही बातमी त्यांच्या आसगावभर केली होती. तेजराम तिच्यावर खेकसला आणि दुसऱ्याच दिवशी गुपचूप नव्या पँटचं माप देऊन आला.

समोर खेळत होता भुपेंद्र, रस्त्यांचा ठेकेदार. क्लबातले सगळे मेंबर पैजा लावून बसले होते, आणि झाडून सगळ्यांनी पैसे लावले होते कृष्णरावांवर. तेजराम बरोबर असला की नवव्या भोकावर साहेब हुकत नाहीत, हे पोरासोरांनाही ठाऊक. भुपेंद्रवर लावणारा कोणी दिसेना म्हणून एकाला पाच असा भाव फुटला होता. आता एकच फटका उरला होता. भोक पाच हातांवर.

"दिसते सरळ, पर डावीकडे वळते जी," तेजराम म्हणाला. "उजवीकडून एक वीत सोडून मारा."

कृष्णरावांनी मान हलवली आणि सरळ डावीकडून मारला. बॉल भोकाकडे न बघता कोपऱ्याकडे निघून गेला.

एरवी दहा रुपये हरले तरी काठी आपटणारा हा माणूस, पण आज त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मग एकदम आवाज चढला. "काय रे तेजराम! डावीकडून मार म्हनला ना तू?"

"नाही जी! मी उजवीकडून म्हनलो."

मेंबरांनी गलका केला. कोणी म्हणे म्हातारा झाला, कोणी म्हणे याला चष्मा घ्या. शेवटी क्लबच्या सेक्रेटरींनी हात वर केला. "जाऊ द्या हो. माणूस आहे, चुकतो कधी कधी."

गलका ओसरला. लोक चहाकडे वळायला लागले. इथे तेजराम गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आळशी म्हणा, अडाणी म्हणा, त्याने आजवर सगळं पोटात घातलं होतं. पण स्वतःच्या बांधीचा उतार त्याला कळत नाही? ते काही त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने सरळ साहेबांच्या हातातली काठी घेतली, बॉल पुन्हा जागेवर ठेवला, वीतभर उजवीकडे हळूच टोलवला. बॉल सरळ गेला, मध्येच वळला आणि टुपकन भोकात पडला.

"पायलं?" तेजरामला हसूच आलं. "उजवीकडून!"

मग सेक्रेटरी सावकाश म्हणाले, "म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीतच होतं जी!"

"मग साहेबांना खोटं का सांगितलंस? कोणाकडून पैसे खाल्लेस?"

तेजरामचं तोंड उघडं राहिलं. "पंचफुलाले विचारा! तिथंच निंदून राहिली ते."

विळा हातात धरून पंचफुला पुढे आली. "मी आयकलं जी. उजवीकडूनच म्हनले हे."

"बायको नाही म्हणणार तर कोण म्हणणार?" कोणीतरी बोललं, आणि सगळे हसले. कृष्णरावांनी तेवढा एक सुस्कारा सोडला. "आठ वर्षं विश्वास ठेवला याच्यावर," ते म्हणाले. भुपेंद्रने विचारलं, "मग निकाल?" सेक्रेटरी म्हणाले, हार ती हार, नियमात काठ्या वाहणाऱ्याचं नाव कुठेच नाही. तेजरामला त्याच पावली गेटचा रस्ता दाखवला.

गेटाबाहेर नवराबायको ऑटोची वाट बघत उभे होते, तेवढ्यात कृष्णरावांची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. शेजारच्या सीटवर भुपेंद्र बसला होता, मांडीवर फुगलेली पिशवी.

"मोठा पागल आहेस तू," कृष्णराव म्हणाले. "चूप राह्यला असतास तं चार दिवसांनी मीच म्हनलो असतो, बिचाऱ्याची चूक झाली, द्या नोकरी. कागद तयार होता."

"तुमी मुद्दाम हुकवला."

"मंग? सारा क्लब तुह्या भरोशावर माह्यावर पैसा लावून राहिला, अन् आमचा पैसा गुपचूप भुपेंद्रवर होता. असा भाव पुन्हा कधी भेटला असता?"

काच वर गेली. गाडी अड्याळच्या रस्त्याला लागली.

पंचफुलाने हातातला विळा पदरात गुंडाळला. मग म्हणाली, "दोन मिनिटं चूप काहून नाही राह्यले तुमी? येडा म्हनले असते. म्हनू द्याचं होतं."

"माह्या बापाची बांधी, अन् मले उतार समजत नाही?"

"मंग आता काय म्हनतेत? चोर!"

तेजरामला कृष्णरावांचा राग आला, हसणाऱ्या मेंबरांचा आला, खरं बोलणाऱ्या बायकोचाही आला. आणि सगळ्यात जास्त राग याचा आला, की उद्या कोणी पुन्हा तिथे बॉल ठेवला असता, तर त्याने पुन्हा तेच केलं असतं.