देवीचे गाल

समिधाला माणसाचं नाव एक वेळ आठवायचं नाही, पण जबडा पक्का लक्षात राहायचा. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं की हिच्या मनात आधी यायचं, याची हनुवटी डावीकडे झुकलीय. कुठे जायचंय ते सांगणं मागाहून. बघायला आलेल्या एका मुलाला तिने पोह्यांची बशी देता देता 'तुमची अक्कलदाढ आडवी असणार' असं सांगून टाकलं होतं. त्या स्थळाची आठवण निघाली की तिची आई अजून कपाळाला हात लावते.

राहायला ती डोंबिवलीत, आणि शिकायला ठाण्यात, माजिवड्याजवळच्या एका डेंटल कॉलेजात. जबड्याच्या शस्त्रक्रियेचं शेवटचं वर्ष चालू होतं. प्रबंधाचा विषय होता लहान मुलांच्या जबड्याची वाढ. विषय तिच्या विभागप्रमुख नीरजा मॅडमनी दिलेला, पण वेड तिचं स्वतःचं. ज्याला हे वेड नाही त्याला एक्स-रेत नुसतं काळंपांढरं दिसतं. हिला त्यात माणसाचं सगळं बालपण दिसायचं.

अक्षदा आली तेव्हा म्हणूनच समिधा खुर्चीवरून उठून उभी राहिली. कोपर स्टेशनच्या पलीकडे खाडीकाठी कोळ्यांचं गाव आहे, तिथली आठ वर्षांची पोर. दोन्ही गालांत एकेक लाडू दडवून ठेवावा तसे गाल, आणि डोळे किंचित वर वळलेले. दुखत-खुपत काही नव्हतं. खुर्ची खालीवर होते हे कळल्यावर ती खुशीत आली होती. घाई होती ती तिच्या आत्याला, शेवंतीला.

"लवकर कापा बाई. माजे वेळी उशीर झाला, म्हनून असं झालं."

असं म्हणून शेवंतीने तोंडावरचा मास्क खाली ओढला. साथ संपून इतकी वर्षं झाली, तरी तिने तो सोडला नव्हता. खालचा ओठ एका बाजूला ओढलेला, हनुवटीखाली जुन्या टाक्यांची रेघ. नवव्या वर्षी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात तिचा जबडा खरवडला होता. गाठ परत आली, परत खरवडली. तिसऱ्यांदा हाडच फार उरलं नाही. उशिरा नेलं म्हणून गाठ वाढत राहिली, असं घरातले म्हणाले, आणि ते ती आजवर धरून बसली होती. लग्न झालं नाही. भावाची मुलगी तिनेच वाढवली. अक्षदाचे गाल फुगायला लागल्यापासून या बाईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

अक्षदाच्या एक्स-रेत जबड्याच्या दोन्ही बाजूंना साबणाचा फेस दिसत होता. समिधाला खटकलं ते इथेच. गाठ अशी दोन्ही बाजूंना मापून टाकल्यासारखी सारखी कशी येईल? आणि आत्याला तीच, भाचीला तीच? ती पुस्तकांत शिरली आणि एका नावावर थांबली: चेरुबिझम. विलायती चित्रांत गोबऱ्या गालांची, वर बघणारी देवदूतांची बाळं असतात, त्यांच्यावरून पडलेलं नाव. वंशातून येणारा आजार. लहानपणी जबडा फुगतो, आणि वयात आल्यावर हळूहळू आपला आपण ओसरतो. भर वाढीच्या वयात खरवडला तर उलट फिरून येऊ शकतो.

नीरजा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या फटकळ होत्या, पण अन्यायी नव्हत्या. तुकडा काढून तपासला होता, तो या आजाराशी जुळत होता, पण दुसऱ्याही दोन गाठींशी जुळत होता.

"पुस्तकातला पेशंट पुस्तकातच बरा होतो, समिधा. या घरातलं एक माणूस दाखव, ज्याचं चाकूशिवाय गेलं. तिच्या आत्याचं तर तीनदा कापूनही गेलं नाही. थांबलो आणि तू चुकलीस, तर पोरीचं हाड आणि दात दोन्ही जातील."

"आणि कापलं आणि मी बरोबर असले तर?"

"तर शेवंतीबाईंसारखं होईल. म्हणून तर म्हणते, पुरावा आण. ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे."

जनुकांची तपासणी करता आली असती. पण तिचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि ते उत्तर आजाराचं नाव सांगतं. या घरात तो पुढे कसा वागेल हे नाही सांगत. मग समिधा रविवारी उठून सरळ त्या गावात गेली.

अक्षदाचे आजोबा गुणाजी ओट्यावर जाळं सांधत बसले होते. मुलगा जयेश, म्हणजे अक्षदाचा बाप, सुनेबरोबर बाजारात गेला होता.

"आजोबा, तुमच्या घरात आणखी कुणाला जबड्याचा आजार होता का? तुमचे वडील, भाऊ, जयेशदादा?"

"आमचे घरान कुनाला कसला आजार नाय," म्हातारा ताठ बसून म्हणाला. "खाडीचं मावरं खाल्लेली मानसं आमी. एक शेवंतीलाच काय तं निघालं, तेवढंच."

झालं. समिधाचा चेहरा पडला. पण कोळ्याच्या घरून पाहुणा चहाशिवाय सुटत नाही, म्हणून ती आत गेली, आणि कप हातात घेऊन सवयीने भिंतीवरच्या फोटोंमधले जबडे बघायला लागली.

फोटो नारळी पुनवेचे होते. प्रत्येकात टोपी घातलेला एकेक मुलगा, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. एक फोटो पार पिवळा पडलेला, एक रंगीत. आणि दोन्ही मुलांचे गाल लाडू दडवल्यासारखे, डोळे वर वळलेले.

"आजोबा! हे कोण?"

गुणाजी जाळं ठेवून आत आले. त्यांच्या आवाजात आता ऐट होती. "ह्यो मी. आन् ह्यो जयेश. आमचे घरातल्या पोरांना देवी गाल देते. ज्याला गाल आले त्यानेच पुनवेला गावाचा नारळ धरायचा. बघ ना, पोर कसं देवीकडं बघतंय! मिशी फुटली का गाल उतरायला लागतात, हळद लागेपर्यंत सपाट."

"पण मी आजार विचारला तेव्हा नाही म्हणालात!"

"ह्यो काय आजार हाय गो?" म्हातारा खरोखर दुखावला. "आजार शेवंतीला झाला. पोरीला गाठ आली."

समिधा बघतच राहिली. एका घरात एकाच दुखण्याला दोन नावं! पोराला आलं की देवीचा प्रसाद, पोरीला आलं की गाठ. प्रसादावर कोण चाकू चालवणार? तो उतरेपर्यंत घर कौतुकाने थांबलं होतं. थांबणं हाच या आजाराचा उपचार, आणि या माणसांनी तो पिढ्यान् पिढ्या केला होता, फक्त मुलांवर. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनीही त्या वेळी हाच प्रश्न विचारला असणार, आणि गुणाजींनी हेच ताठ उत्तर दिलं असणार.

"आ करा आजोबा."

मागच्या दाढा नव्हत्या. पडल्या असतील म्हणावं, तर म्हातारा म्हणाला, त्या कधी आल्याच नाहीत, जयेशलाही नाहीत. मागच्या दाढा न येणं हीही याच आजाराची खूण. समिधाला आनंदाने टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. त्या आनंदात तिला एका माणसाचा पार विसर पडला, आणि त्याची तिला पुढे फार लाज वाटली.

देवीच्या देण्याला मशीन कशाला लावायचं, म्हणून गुणाजी अडून बसले. नातीचा जबडा वाचेल म्हटल्यावर मात्र मुकाट्याने जयेशला घेऊन ठाण्याला आले. जयेशच्या एक्स-रेत जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत धुरकट हाड दिसलं, फेस भरून आल्यावर दिसावं तसं. म्हाताऱ्याच्या हाडात त्याची जेमतेम खूण उरली होती. नीरजा मॅडमनी तिघांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "तारीख रद्द कर. दर सहा महिन्यांनी बोलव. नजरेला किंवा श्वासाला त्रास झाला तरच हात लावायचा. घरच्यांना तूच सांग, तुझाच शोध आहे."

समिधाने सांगितलं, आणि फार खुशीत सांगितलं. अक्षदाला कापायचं नाही. गाल वाढतील, मग थांबतील, मग बाबासारखे उतरतील. जयेशने देवीचं नाव घेतलं. अक्षदाने खुर्ची एकदा वर नेऊन मागितली.

शेवंती तेवढी हलली नाही.

"बाई," ती म्हणाली, "मंग माजे पन उतरले असते?"

खोटं बोलणं सोपं होतं. तेव्हा तपासण्या कुठे होत्या, प्रत्येकाचं वेगळं असतं, असं काहीबाही सांगता आलं असतं. पण ही बाई आयुष्यभर एका खोट्या कारणावर जगत आली होती. तिला आणखी एक द्यायला समिधाची जीभ उचलेना.

"बहुतेक... हो, शेवंतीताई. उतरले असते."

"उशीर नव्हता झाला?"

"नाही. घाई झाली."

शेवंती बापाकडे वळली. "बाबा, जयेशचे गाल फुगले तवा नारळ दिला हातात. मना का नेलंस कापायला?"

गुणाजी खाली बघत म्हणाले, "पोरीला देवी कशी गाल देईल, असं वाटलं गो. तुजं लगीन व्हावं म्हनून नेलं."

समिधाला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर निघून जाईल. शेवंतीने दोन्ही केलं नाही. भिंतीवरच्या उजेडात लावलेल्या एक्स-रेंपुढे ती जाऊन उभी राहिली. बापाचा कुठला, भावाचा कुठला, अक्षदाचा कुठला, ते विचारून घेतलं. फेस कुठे असतो, तो भरून आला की कसा दिसतो, तेही विचारलं. समिधा सांगत गेली आणि शेवंती एकेका जागेवर बोट ठेवत गेली.

"माजा पन काढा," मग ती म्हणाली. "यांच्या शेजारी लावा. कापल्यावर कसा दिसतो तो बी लोकांना दिसूं दे."

समिधाने तिचाही एक्स-रे काढला. भावाचं हाड जिथे भरून आलं होतं, तिथे हिच्या जबड्यात खाच होती. शेवंतीने ती बराच वेळ पाहिली. बापाला हाताला धरून आणलं, चष्मा लावायला लावला आणि त्यालाही दाखवली. मग समिधाच्या खिशातलं पेन स्वतःच काढून तिच्या हातात दिलं आणि अक्षदाच्या एक्स-रेकडे बोट केलं.

"ह्यावर मोठ्या अक्षरात लिवा, बाई. हिला हात लावायचा नाय."