वाळूची पुरचुंडी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते ऐकूनही मला राग येतो. त्या दिवशी मात्र कारण होतं. कँटीनवाल्याने अठ्ठेचाळीस पावांचा ट्रे तसाच्या तसा परत आणून माझ्या ओट्यावर ठेवला. निम्मे पाव लिंबाएवढे आणि करपलेले, उरलेले फुगून एकमेकांना चिकटलेले आणि आतून कच्चे.

"वहिनी, पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल," तो म्हणाला. बिचारा आवाज चढवूनही बोलला नाही, त्यामुळे मला धड भांडताही येईना.

पावांसाठी पिठाचे गोळे तोलायचं काम माझ्या सासऱ्यांचं. बाबांनी चाळीस वर्षं तराजू दुरुस्त केले. दुकान बंद केलं तेव्हा एकच तराजू घरी आणला, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. लोखंडी बैठक, वर दोन पितळी पारडी, मधे काटा. माझे पाव सहा वर्षं त्याच्यावरच चालले होते. एका पारड्यात शंभराचं आणि विसाचं वजन, दुसऱ्यात गोळा. मी हौसेने घेतलेल्या डिजिटल काट्याला ते खेळणं म्हणायचे.

मी वजनांची पेटी त्यांच्यापुढे धरली. "बाबा, यातलं शंभराचं कुठलं?"

त्यांनी पन्नासाचं उचललं. मग ते ठेवून विसाचं. "हेच असेल," म्हणाले आणि ओशाळून हसले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. वर्षभर तारखा चुकत होत्या, फोन नंबर चुकत होते, आणि आम्ही सगळं वयावर ढकलत होतो. आता वजनांवरचे आकडेही गेले होते.

"त्यांना बसू दे आता," नवरा म्हणाला. "जन्मभर राबलेत." मलाही ते पटलं. मीच बाबांना सांगितलं, उद्यापासून आराम करा. ते तीन दिवस खिडकीजवळच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. ताटात अर्धं अन्न टाकायला लागले. मी खेळण्यावर गोळे तोलत होते, पाव चांगले होत होते, आणि मला स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नव्हतं.

चौथ्या दिवशी तराजू पुसून माळ्यावर टाकायचं ठरवलं. पुसताना पारडं हातात आलं, आणि ते परत काही केल्या बसेना.

"अगं, ओढू नकोस. उचल." बाबा केव्हा उठून आले कळलंच नाही. त्यांनी तराजू माझ्याकडून काढूनच घेतला. "ही वरची दांडी. मधोमध या पोलादी धारेवर टेकलीय. धार बोथट झाली की तराजू आळशी होतो. आणि खाली बैठकीत ही दुसरी दांडी, कुणाला दिसत नाही. ती पारडी सरळ धरून ठेवते, म्हणून गोळा कडेला ठेव नाहीतर मधे, काही बिघडत नाही."

"आणि वजन किती ते त्याला कसं कळतं?" मी विचारलं.

"त्याला कुठे कळतं? दोन्हीकडे सारखं आहे की नाही, एवढंच कळतं त्याला. किती, ते आपण बघायचं."

मी फडकं बाजूला ठेवलं. मग कामालाच लागले. कोरडी वाळू चाळली, जाड कापडाच्या पुरचुंडीत भरली, खेळण्यावर कापडासकट बरोबर एकशेवीस ग्रॅम केली आणि तोंड शिवून टाकलं. वजनांची पेटी कपाटात गेली. धाकधूक एकच होती. पितळी वजनं हाताळलेल्या माणसाच्या हातात मी वाळूची पुरचुंडी देणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिली. त्यांनी ती तळहातावर उडवून पाहिली. "हे कुणी केलं?"

"मी."

"शिलाई बरी आहे," म्हणाले आणि कामाला बसले.

आधी रिकामी पारडी पाहिली. पारड्याखाली चिकटलेलं पीठ नखाने काढलं. एकीकडे पुरचुंडी, दुसरीकडे गोळा, चिमूटभर काढ, चिमूटभर लाव, काटा थांबेपर्यंत हात मागे. पहिला गोळा जुळल्यावर त्यांनी दोन्हींची अदलाबदल केली. काटा मधेच राहिला. "दांडी खोटी असती तर इथे पकडली गेली असती," ते स्वतःशीच म्हणाले.

दुपारपर्यंत अठ्ठेचाळीस गोळे झाले. त्यांच्याकडे पाठ करून मी एकेक गोळा खेळण्यावर ठेवून पाहिला. दोन ग्रॅमच्या वर फरक एकातही नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

मी वळले तर बाबा हात धुऊन, चपला घालून दाराशी उभे होते. चेहरा थकलेला, पण खुशीत.

"बाई, काम पसंत पडलं ना?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत. अनोळखी माणसाकडे बघावं तसे अदबीने माझ्याकडे बघत होते.

"पसंत पडलं," मी म्हणाले.

"मग उद्या येऊ का? घरी सून मला कशाला हात लावू देत नाही. वाईट नाही हो ती. जरा तापट आहे, पण जीव लावते. मला मात्र नुसतं बसवत नाही."

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी ट्रे उचलला.

"या उद्या," मी म्हणाले. "तुमच्या सुनेला मी सांगते."