निवेदनाखालची शांतता

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात अजून कोणी मोठ्याने बोलत नाही. आई भाजी चिरताना सुरी फळीवर टेकवते, आपटत नाही. दार लावताना कडी बोटाने धरायची, शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं, ही आमच्या घरची शिस्त. कारण बाबा आपल्या वन्यप्राण्यांच्या कार्यक्रमाचं निवेदन घरीच रेकॉर्ड करत, आतल्या खोलीतल्या कपड्यांच्या मोठ्या कपाटात बसून. कोट आणि स्वेटरांच्या मधे एक स्टूल, समोर माइक. ज्या आवाजाने लाखो लोकांना टीव्हीसमोर बसल्या बसल्या जंगल फिरवलं, तो डांबरगोळ्यांच्या वासात तयार व्हायचा, हे सांगूनही कोणाला पटत नाही.

तो आवाज म्हणजे कुजबुज. "हळू... ती आपल्याला बघतेय." एवढं म्हटलं की अजूनही लोकांचे चेहरे लहान मुलांसारखे होतात. माझी दाढ उपटताना दातांच्या डॉक्टरनेही हे वाक्य मला म्हणून दाखवलं होतं. तोंडात कापूस असतानाही मला हसावं लागलं. सगळ्यांचा लाडका माणूस आपला बाप असला की हसण्यावाचून गत्यंतर नसतं.

तो कार्यक्रम आता माझा धाकटा भाऊ करतो. बाबांचं खिसेच खिसे असलेलं जाकीट त्याला असं बसलंय, की त्याला पाठमोरा बघून आई कधीकधी "अहो" म्हणते. तो वळतो. आई ओशाळत नाही. आवाजही तोच. शेजारच्या खोलीत तो फोनवर बोलू लागला, की माझा हात आपसूक नळ बंद करायला जातो.

मी ध्वनिसंकलन करते. आधी बाबांचं करायचे, आता भावाचं. ते जंगलातून आवाज आणणार, मी ते कापणार, जोडणार, घासूनपुसून लखलखीत करणार. जंगलात मला कोणी नेलं नाही.

म्हणजे एकदाच नेलं होतं, शाळेतसुद्धा जात नव्हते तेव्हा. कॅमेरा घेऊन दडून बसायला फांद्यापानांचा आडोसा करतात, त्याला लपण म्हणतात. त्या लपणातून मी बाहेर पडले. का पडले ते आठवत नाही. समोर अस्वलीण होती आणि तिची पिलं माझ्या पाठीमागे. आठवतो तो बाबांचा ओरडा. जन्मात आवाज न चढवलेला माणूस घसा फाटेस्तोवर ओरडला, "भिंगरी!" एका जागी न ठरणारी म्हणून मी घरातली भिंगरी. किती दिवस वाट पाहून मिळालेला शॉट वाया गेला. त्यानंतर बाबांनी मला कधीच सोबत नेलं नाही. भाऊ मात्र त्यांच्या खांद्यावर बसून रानोमाळ हिंडला. मी हट्ट केला की म्हणायचे, "तुझं काम इथं आहे." एका शॉटपायी माणूस पोटच्या पोरीला जन्मभर दाराबाहेर ठेवतो, हे मला तेव्हा कळलं आणि पुढे कधी विसरता आलं नाही. ते गेले तेव्हा मी रडले, पण राग काही गेला नाही.

आमच्या कामात एक रिवाज आहे. चित्रण आटोपलं की निघण्याआधी सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. बोलण्याच्या मधल्या मोकळ्या जागांत ती भरावी लागते, नाहीतर मधेच जगाचा प्राण गेल्यासारखं वाटतं. बाबांकडे अशा शेकडो शांतता होत्या, पण निवेदनाखाली ते एकच वापरत. वाळवंट असो नाहीतर बर्फ, खाली तीच. हे चुकीचं आहे म्हणून मी त्यांच्याशी कितीदा वाद घातला असेल. ते म्हणायचे, "ती कानात असल्याशिवाय मला बोलता येत नाही." आणि खरंच, कपाटात बसल्यावर आधी हेडफोनमधून ती ऐकत, मगच तोंड उघडत.

त्या शांततेत भूत होतं. आम्ही संकलनवाले त्याला भूतच म्हणायचो. मधेच एक बारीक, तुटका आवाज यायचा, घशातल्या घशात. थोड्या वेळाने पुन्हा. किडा म्हणावं तर त्याला ताल नाही, पक्षी म्हणावं तर सूर नाही. प्रेक्षकांनी घुबडापासून बेडकापर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन झाला. एका मुलाखतीत बाबांना विचारलंच, हा प्राणी कोणता? बाबा म्हणाले, "फार दुर्मिळ. मला एकदाच भेटला, आणि आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही." सगळे हसले. मीही हसले.

परवा चॅनेलच्या बाईंनी जुने भाग नव्या स्पीकरवर ऐकले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. म्हणाल्या, "छान आहे सगळं, पण मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. हे भूत तेवढं काढा." जुने भाग स्वच्छ करून पुन्हा दाखवायचे होते आणि भावाचं नवं पर्वही त्यांच्यामागोमाग येणार होतं.

भाऊही माझ्या मागे लागला. "ताई, खरंच काढून टाक. कपाटात बसून हेडफोन लावले की मला तो आवाज मानेजवळ येतो. बाबा मागे बसून माझ्या चुका मोजताहेत असं वाटतं गं."

"बाबा चुका मोजत नसत. ते काम माझं होतं," मी म्हटलं. पण त्याचा चेहरा उतरला होता, म्हणून कामाला लागले.

भूत काही निघेना. एका ठिकाणी खरवडलं की दुसरीकडे वर यायचं. खरवडता खरवडता त्याच्याखाली आणखी काहीतरी सापडलं, खोलवर, मंद धडधडणारं. इतक्या वर्षांत ते कोणी ऐकलंच नव्हतं, मीसुद्धा. माझ्याकडे होतं ते फक्त कापून घेतलेलं मिनिट. मूळ टेप हवी होती, आणि ती असलीच तर बाबांच्या कपाटात. म्हणून दुपारी आईकडे गेले.

आईने टीव्हीवर बाबांचा जुना भाग लावला होता, आवाज अगदी लहान. मी स्वेटर बाजूला सारले. मागच्या फळीवर टेपचा डबा होता, त्यावर बाबांच्या अक्षरात 'पुसू नये'. मी टेपचं जुनं यंत्र स्पीकरवर सुरू केलं आणि बाबांच्या स्टुलावर बसले.

आधी कुजबुज. "हळू... ती आपल्याला बघतेय." मग पानांची सळसळ. मग तो ओरडा.

इतकी वर्षं मी तो चुकीचा लक्षात ठेवला होता. त्यात राग औषधालाही नव्हता. डोळ्यांदेखत मूल विहिरीत पडताना आई ओरडेल, तसा तो ओरडा होता. मग धावणं, फांद्या मोडणं, आणि बाबांच्या शिव्या. अस्वलिणीला! आमचे बाबा! मग धप्पकन काहीतरी, आणि माइकवर कापड घासल्यासारखा आवाज. माइक त्यांच्या जाकिटाला होता. कापड माझा फ्रॉक असणार.

"गेली. पिलांना घेऊन गेली," ध्वनिमुद्रक लांबून म्हणाला. "साहेब, शॉटही गेला."

"खड्ड्यात गेला शॉट." बाबांचा आवाज कापत होता. "हिला परत आणायचं नाही. ही इथे असली तर मला दुसरं काही दिसणारच नाही. माझे हात बघ जरा."

"निघायचं मग?"

"मिनिट घे आधी."

इतकं होऊनही शिस्त सुटली नाही त्या माणसाची. मग शांतता आली. तीच. पानं, लांबचं पाणी, आणि माइकच्या अगदी जवळ रडून दमलेल्या पोरीचा हुंदका. थोड्या वेळाने आणखी एक. आणि खाली धडधडत होतं ते बाबांचं काळीज. हुंदके विरळ होत गेले तसं तेही हळूहळू ताळ्यावर आलं.

"साहेब, पोरीचे हुंदके आलेत. दुसरं घेऊ?"

"नको. हेच ठेव. यापुढे हेच वापरायचं."

टेप संपून चाक नुसतंच फिरत राहिलं. जन्मभर मी ज्याच्या मागे लागले होते ते भूत मीच होते. दर आठवड्याला त्यांनी मला जंगलात नेलं होतं, वाळवंटात, बर्फात, सगळीकडे. अख्ख्या जगाला सांगितलं, दुर्मिळ आहे म्हणून. मला तेवढं सांगितलं नाही! मला इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं, की दोन्ही एकदम कसं सोसायचं ते कळेना.

दारात आई उभी होती. "आत्ता कोण ओरडलं गं?" ती कुजबुजली.

"बाबा."

"काहीतरीच. ह्यांना कुठे ओरडता यायचं?" मग घाबरून तिने विचारलं, "कोणावर ओरडले?"

"कोणावर नाही, आई. माझ्यासाठी ओरडले."

मी हेडफोन तिच्या कानांना लावले आणि ते मिनिट पुन्हा सुरू केलं. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. मग हात पुढे करून तिने माझी पाठ थोपटायला सुरुवात केली. आपण थोपटतोय हे तिच्या लक्षातही नसावं. मिनिट संपल्यावर डोळे पुसत ती बाहेर गेली.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, गेलं का भूत?"

"नाही. ते राहणार. मी आहे ती."

मी त्याला सगळं सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, "मग माझ्या मानेजवळ इतके दिवस तू होतीस?"

"हो. नीट बस, पोक काढू नकोस."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. बाबांचा आवाज असा कधी फाटला नव्हता. म्हणजे, एकदाच.

फोन ठेवून मी कपाटात तशीच बसले. समोर त्यांचे कोट ओळीने टांगलेले होते. मला नावाने हाक मारून तो माणूस अस्वलाच्या तोंडात धावला होता, आणि त्या हाकेला मी ओ दिली नव्हती. मी छातीभर श्वास घेतला आणि त्या घरात आजवर कोणी ओरडलं नसेल अशी ओरडले, "बाबा!"

बाहेर आईने मला गप्प केलं नाही. तिने बाबांची कुजबुज चाललेला टीव्ही बंद केला.