विहिरीच्या वळणाची हाळी

तिचं खरं नाव फक्त फादरच्या वहीत आणि बस डेपोच्या हजेरीपटात होतं. बाकी सगळं गाव तिला भोंगा म्हणायचं. ती कंडक्टर. तिच्या गाडीतली बेलची दोरी तुटून दोन वर्षं झाली, तरी ड्रायव्हरने बदलून घेतली नव्हती. "भोंगा आहे ना," म्हणायचा. तिने मागच्या दारातून "चला" म्हटलं की शेजारची गाडीसुद्धा सुटायची.

असा आवाज घरात असताना चर्चच्या समितीचा सेक्रेटरी लाउडस्पीकरची गोष्ट काढतो, म्हणजे डोकं फिरणारच की.

भानगड अशी. गाव सगळं उतारावर. खाली बसस्टँडजवळ एक बुटकं प्रार्थनाघर, तिथे वर्षभर संताचा पुतळा. चर्च पार वर, टोकाला. सणाच्या दिवशी संताला खालून वर न्यायचं, पायऱ्यांनी, आणि एकदाही खाली न टेकवता. लाकडी चौकट, चौकटीला दांडे, दांड्यांखाली आठ माणसं, आणि भोवती जमिनीपर्यंत झालर. आतल्या आठ जणांना दिसतं काय, तर पुढच्याच्या टाचा. म्हणून पुढे एक माणूस लागतो. संताकडे तोंड करून, उलटा चढणारा. तो पायऱ्या मोजतो, मोठ्याने. टप्पा संपला की ओरडतो, "वळा!" आठही जण त्या आवाजावर पाय टाकतात. याला म्हणायचं हाळी.

हाळी त्यांच्या घरातली. आधी आजोबांची, मग बाबांची, बावीस वर्षं. बाबा पाथरवट. त्या पायऱ्यांतल्या निम्म्या त्यांच्याच हातच्या. पण मागच्या वर्षी सणानंतर लगेच घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली, खिशात खडू. बोलायचे तेव्हा जेवढं ऐकवायचे नाहीत तेवढं आता लिहून ऐकवायचे.

"मुलगी हाळी देणार? देऊ दे," सेक्रेटरी म्हणाला होता. "पण कुठे चुकली, चौकट कलंडली, तर पुढच्या वर्षीपासून लाउडस्पीकर. आकडे रेकॉर्ड करून टाकू. कटकटच नको."

"रेकॉर्डला कुणाचा पाय घसरलेला दिसतो का?" भोंगा म्हणाली. आईने तिला कोपराने ढोसलं.

महिनाभर बाबांनी तिला टप्पे पाठ करून घेतले. एकूण सात. बाबा पाटीवर आकडा लिहायचे, ती म्हणायची. चौथ्या टप्प्याला गाडी अडली. चौथा टप्पा विहिरीपाशी संपतो. तिथे काटकोनात वळण, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा आणि पलीकडे नुसती हवा.

बाबांनी लिहिलं, 'विहीर – ९.'

"दहा," भोंगा म्हणाली.

बाबांनी नऊवर खडू ठोकला.

"बाबा, ती उंच पायरी फुटली ना तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हा? तिच्या जागी दोन बुटक्या बसवल्यात. मी रोज स्टँडला उतरते त्याच वाटेने. दहा आहेत."

बाबांनी एक शब्द लिहिला. 'कोणी?'

आता कोणी ते त्यांना चांगलं माहीत होतं. खालच्या आळीतल्या गवंड्याने. ज्याला बाबा गेली वीस वर्षं 'सिमेंट फासणारा' म्हणायचे त्याने. ऑपरेशनवरून परत आल्यापासून बाबा त्या वाटेने एकदाही गेले नव्हते. वरच्या रस्त्याने लांबचा वळसा घालायचे, गुडघे बोंबलत असताना. दुसऱ्याने बसवलेला दगड बघायचा नाही म्हणजे नाही.

'माझे दगड मला माहीत. ९.' खाली दोन रेघा.

भोंगा मामाकडे गेली. मामा बेकरीवाला, पुढच्या डाव्या दांड्याला तोच. आठ जणांचा म्होरक्या म्हणा ना. तो पिठात कोपरापर्यंत बुडालेला.

"मामा, विहिरीला दहा आहेत. येऊन मोज एकदा."

"सणाच्या आठवड्यात? अगं, माझ्या भट्टीला श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि तुझ्या बापाचं गणित बावीस वर्षांत चुकलंय कधी?"

"पायरी बदलली, मामा! रोज चढतोस ना तू तिथून?"

"चढतो. मोकळ्या पायाने मोजतं कोण? खांद्यावर संत आला की पाय आपोआप नवाला वळतात. तू दहा म्हण नाहीतर पन्नास म्हण."

हे तर आणखी वाईट होतं. म्हणजे तिने बरोबर म्हटलं तरी आठ माणसं आंधळ्यासारखी नवाला वळणार, दहाव्या पायरीला पाय अडकणार, आणि संत कठड्यावरून थेट विहिरीत. घरी येऊन ती पुन्हा भांडली. ताट आपटलं. आई म्हणाली, "बास कर. त्यांच्याकडे आता उरलंय काय, ते आकडेच ना?" बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांची मान एवढी बारीक कधी झाली, ते भोंगाला तेव्हा दिसलं.

"बरं बाबा," ती म्हणाली. "नऊ."

सणाच्या दिवशी सकाळी ती कंडक्टरचा खाकी शर्ट घालून आली, कारण त्यात तिला श्वास नीट घेता यायचा. सेक्रेटरीने नाक मुरडलं. फादर म्हणाले, "असू दे. ड्यूटीवरच आहे ती."

बाबा आले इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, पाटी पुसून लख्ख. चौकटीच्या डाव्या अंगाला, भिंतीकडून, दांड्यावर एक हात ठेवून उभे राहिले. वर्षभराने त्या वाटेवर. नजर सरळ समोर, पायांकडे चुकूनसुद्धा नाही.

"उचला!"

झालरीच्या आतून आठ जणांनी एकदम "हं" केलं आणि संत हलला. भोंगा उलटी चढू लागली. "एक! दोन!" पहिल्याच टप्प्याला गर्दी कठड्याला लागून मागे झाली. आवाज खालच्या स्टँडवरून आदळून परत येत होता. गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "भोंगा, एक तिकीट वरच्या चर्चचं!"

"सुट्टे असतील तर चढ!" ती दोन आकड्यांच्या मधे म्हणाली. झालरीच्या आत आठ पोटं हसली, चौकट जराशी डगमगली, आणि मागच्या दांड्याखालून खाटकाचा आवाज आला, "ए बाई, हसवू नको, मी मागे आहे, सगळा भार माझ्यावर."

पहिला टप्पा, वळा. दुसरा, वळा. तिसरा. घाम डोळ्यात उतरत होता. संताच्या चेहऱ्याकडे बघत ती चढत होती. त्या चेहऱ्याला काही घाई नव्हती. तिला होती. बाबा बाजूने चालत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, प्रत्येक आकड्याला. तिच्या आधी अर्धा क्षण.

चौथा टप्पा.

"एक! दोन!"

बाबांना शब्द दिलाय. नऊ म्हणायचं, वळा म्हणायचं. तसं केलं तर काय होईल ते तिला कठड्यापलीकडे दिसतच होतं.

"पाच! सहा!"

आणि दहा म्हटलं तरी तेच. पाय नवाला वळणार.

"सात! आठ!"

"थांबा!"

हा शब्द त्या पायऱ्यांवर कधी कुणी उच्चारला नव्हता. आठ जण एक पाय वर, एक पाय खाली असे जागच्या जागी गोठले. बँडचा ढोल एक ठोका जास्त वाजला आणि गप्प झाला. खालून सेक्रेटरीचा आवाज आला, "काय झालं? चुकली का? चुकली ना?"

बाबांनी दांड्यावर थाप मारली. चल. पुढे चल. डोळे लाल.

"मामा," भोंगा म्हणाली. ओरडली नाही. तिचं न ओरडणं ऐकून गर्दीने माना पुढे काढल्या. "इथून आकडा नाही. पाठ केलेलं विसरा. मी 'पाय' म्हणेन तेव्हा फक्त सरळ पाय उचलायचा. 'वळा' म्हणेपर्यंत जो वळेल त्याला मी गाडीत उभं पण राहू देणार नाही. कळलं?"

झालरीच्या आत धाप. मग मामा म्हणाला, "खांदा जळतोय गं. बोल लवकर."

"पाय."

संत एक पायरी वर आला. ही नववी. आठ शरीरं वळायला शिवशिवत होती, झालर उजवीकडे ओढली गेली ते तिला दिसलं. "सरळ! सरळच!" झालर थांबली.

बाबा मात्र वळले. बावीस वर्षांचे पाय, ते कशाला ऐकतात. ते खाडकन उजवीकडे वळले, त्यांचा अंगठा दहाव्या पायरीवर आपटला, तोल गेला आणि ते दोन्ही हातांनी भिंतीला चिकटले. पाटी दगडावर खणखणली.

भोंगाचा एक पाय त्यांच्याकडे निघाला होता. पण तिच्या समोर आठ माणसं होती, आंधळी.

"पाय," ती म्हणाली. "आता वळा! सावकाश... मागचे, बाहेरून या... खाटीककाका, उजवा खांदा दाबा... आले! आले!"

विहिरीच्या वळणावरून संत फिरला. डोक्यावरचं फूलही पडलं नाही. टाळ्या कुणी सुरू केल्या कळलं नाही, पण गच्च्यांवरून भांडी वाजायला लागली.

बाबा खाली वाकले होते. अंगठ्यातून रक्त येत होतं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते पायरी चाचपत होते. बोट सांध्यातून फिरवलं, नखाने खरवडलं, सिमेंटचा कणही निघाला नाही. गर्दीत खालच्या आळीतला गवंडी उभा होता, तोंडातला घास विसरलेल्या माणसासारखा. बाबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. एकदाच. त्या गवंड्याने घाईघाईने टोपी काढली आणि पुढे काय करायचं ते न कळून परत घातली.

मग बाबांनी खडू काढला. अक्षर नेहमीसारखं, दगडात खोदल्यासारखं. पाटी गळ्यातून काढून त्यांनी डोक्यावर धरली आणि चौकटीच्या बाजूने पुन्हा चालायला लागले, लंगडत.

'१० आहेत. मी चुकलो. ही माझी मुलगी.'

डावीकडच्या गच्च्यांना दाखवलं. उजवीकडच्या खिडक्यांना दाखवलं. वळून सेक्रेटरीला दाखवलं, जरा जास्तच वेळ. पाचव्या टप्प्यावर एक म्हातारी म्हणाली, "मला वाचता येत नाही, काय लिहिलंय?" तर बाबांनी शेजारच्या पोरीला ढोसून मोठ्याने वाचायला लावलं, आणि तिने 'चुकलो' हळू म्हटलं म्हणून परत वाचायला लावलं.

भोंगा उलटी चढत होती, म्हणजे पाटी सतत तिच्या तोंडासमोर. संताच्या खांद्याला लागून.

"बाबा, खाली घ्या ती!"

बाबांनी आणखी वर केली.

"मोजणी चुकेल माझी!"

पायऱ्या हसल्या, गच्च्या हसल्या, झालरीतून खाटीक ओरडला, "अगं मोज, मोज, बापाचं नंतर बघ!" तिने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, घामच होता असं समजा, छाती भरून श्वास घेतला आणि सहाव्या टप्प्याची पहिली पायरी इतक्या जोरात म्हटली की वर चर्चच्या घंटेवरची कबुतरं उडाली.