काविळीच्या सालचा कांदा

भामरे सरांच्या शोकसभेला सुवर्णा पगारे एकटीच जाणार होती. पण लेक अंजली पुण्याहून गाडी घेऊन आलेली होती. "नाशिकरोडहून गंगापूर रोडला रिक्षानं कुठं धक्के खात जातेस? मी सोडते," म्हणाली. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याजवळ, जयरामजवळ शेजारच्या सरुबाईंना बसवून मायलेकी निघाल्या. सोडायला आलेली अंजली शेवटी आत येऊन बसली.

फोटोला हार घातलेला होता. जो तो उठून एकच गोष्ट सांगत होता. भर पावसाळ्यातही साठवणीच्या चाळीत न सडणारा कांदा सरांनी शेतकऱ्याच्या हाती दिला.

सुवर्णा खाली मान घालून ऐकत होती. देवळ्याकडच्या संशोधन केंद्रात ती सरांच्या हाताखाली होती. चाळीत टिकलेले कांदे निवडून पुन्हा लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे आले की चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढून दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, बी धरायचं, त्या बियांचा पुन्हा कांदा घ्यायचा. एका फेरीला दोन दोन वर्षं जात. कुठल्या कांद्याची कुठल्याशी गाठ घालायची, हे तिनंच ठरवलं होतं. सर सह्या करत. पहाटेच्या एसटीनं ती निघे तेव्हा लेक झोपलेली असे, आणि परत येई तेव्हा आजीच्या कुशीत. अंजली आजीला आई म्हणायची आणि सुवर्णाला मम्मी.

"आता सरांच्या सहकारी दोन शब्द बोलतील," असं म्हणून कुणीतरी तिच्या हातात माईक दिला.

"सरांनी मला कधी रजा नाकारली नाही," ती म्हणाली. नमस्कार करून ती खाली बसली.

बाहेर चहापाशी कुसाबाई भेटली. केंद्रात रोजंदारीवर होती, गोंड्यांना जाळ्या बांधायची. देवळ्याहून जीपनं आली होती. तिनं सुवर्णाचे दोन्ही हात धरले आणि अंजलीकडे पाहिलं.

"ही ती काविळीवाली पोर का?"

"हो. अंजली."

"तवाच तं समदं फिसकटलं, पोरी," कुसाबाई अंजलीला सांगू लागली. "तुझी मम्मी घरी तुझ्यापाशी, अन् हिकडं साहेबांनी नव्या कांद्याचे कागद मंजुरीला कमिटीकडं धाडले. एकट्याच्या नावानं. मॅडम कामावर आल्यावर साहेब म्हनले, सुवर्णा, तू नव्हतीस, घाई व्हती. म्या तिथंच झाडत व्हते."

"कुसाबाई, चहा गार होतोय," सुवर्णा घाईनं म्हणाली.

परतताना द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. अंजलीनं इंजिन बंद केलं. आपल्या लग्नाआधी एका भांडणात ती सुवर्णाला बोलली होती, "ज्या कांद्यासाठी मला टाकून जायचीस, त्याच्यावर तुझं नाव तरी आहे का?" सुवर्णा तेव्हा भाकऱ्या थापत राहिली होती.

"खरं आहे ते?" अंजलीनं विचारलं.

"जुनं झालं गं आता."

"खरं आहे का?"

"हो."

"मग मी तसं बोलले तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुझ्या आजारपणामुळे नाव गेलं म्हणून? आठवीत होतीस तू."

"भांडायचं तरी होतंस."

"भांडले ना. पुढच्या वाणात नाव घालू म्हणाले. मग तुझी आजी पडली, मी शहरात बदली मागून घेतली, टेबलावरचं काम. पुढचा वाण माझ्याच्यानं झालाच नाही."

अंजलीनं काच खाली केली. मग म्हणाली, "मला कावीळ झाली तेव्हा तू दिवसभर घरी असायचीस. उसाचा रस गाळून द्यायचीस. पोरगी बरी झाली असं डॉक्टर म्हणाले ना, त्या दिवशी मी खूप रडले होते. तू परत कामाला जाणार म्हणून."

सुवर्णाला ते रडणं आठवत होतं. अशक्तपणानं रडतेय असं वाटून तिनं लेकीला ग्लुकोज पाजलं होतं.

"लहानपणातले माझे चांगले दिवस तेवढेच, मम्मी."

माझेही, असं सुवर्णाच्या अगदी ओठांवर आलं. पण ते खरं नव्हतं. रस गाळताना तिचं मन चाळीत असायचं. कुठला कांदा मऊ पडला असेल, कुठल्याला कोंब फुटला असेल. लेकीच्या तोंडात थर्मामीटर ठेवून ती खिडकीशी जायची आणि देवळ्याकडे पाऊस असेल का, याचा विचार करत उभी राहायची. नाव, काम सगळं असंच जाणार आहे हे ठाऊक असतं, तर निदान ते दिवस तरी तिनं पुरते लेकीपाशी काढले असते.

मागून हॉर्न वाजू लागले.

"चल," ती म्हणाली. "पप्पा वाट बघत असतील."

दुसऱ्या दिवशी अंजली रजा टाकून आणखी थोडं थांबते म्हणाली. सुवर्णानं थांबू दिलं नाही. "तुझं काम आहे तिकडे, तू जा," एवढंच म्हणत राहिली. गाडी कॉलनीच्या वळणापलीकडे गेली, तरी ती फाटकाला धरून उभी होती. आतून जयराम अस्पष्ट हाका मारत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याला भरवायला आत गेली.