येरूतीच्या नखातली माती

येरूती बालवाडीतून आली ती नखशिखान्त चिखलानं माखून. चार वर्षांची नात माझी, चिखलात लोळायचीच. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पाय धुताना तिच्या नखातला चिखल काळाभोर दिसला आणि माझा हात थांबला. तो काढून मी तोंडात टाकला, दाताखाली घोळवला. जराही कचकच नाही.

ही माझी माती होती.

आमच्या तोबाती गावात मडकी घडवणाऱ्या बायका पुष्कळ, पण माझ्या घागरींची माती पाणथळीत एकाच जागी सापडते. ती जागा आईनं मला दाखवली, मी अजून कुणाला दाखवलेली नाही. वीटभट्टीवाल्यांना पत्ता लागला तर यंत्र घालून दोन दिवसांत फडशा पाडतील. मग मी घागरी काय हवेच्या घडवू?

बालवाडी देल्मिराची, तिच्या घरीच भरते. बोलायला भारी गोड. आणि तिचा नवरा इसिद्रो वीटभट्टीचं खोदायचं यंत्र चालवतो. आता बोला.

"येरू, बाई चिखल कुठून आणतात गं?"

"आणत नाहीत. असतोच तो तिथं."

पढवून ठेवलेलं उत्तर. लेकरांनासुद्धा खोटं शिकवलंय मेलीनं, म्हटलं.

एरवी मी वर्षातून दोनदा त्या जागी जाते. आता रोज सकाळी तेरेरेचे गार घोट घेतले की निघाले पाणथळीकडे. कुणी खणलंय का, कुणाचे ठसे आहेत का. ठसे माझ्याच चपलांचे निघायचे, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. बारा दिवस असे गेले. मग सरळ बालवाडीत जाऊन उभी राहिले. पोरं कुंपणाशी चिखलाचे चिपा-पाव थापून उन्हात ठेवत होती.

"देल्मिरा, ही माती कुठली? खरं सांग."

"तुमचीच की, आजी."

"म्हणजे कबूल करतेस?"

"कबूल काय करायचंय त्यात? तुम्ही हात धुता, टोपली विसळता, ते पाणी नालीत ओतता ना? उतारानं इथं येतं आणि गाळ बसतो. पोरांची चंगळ होते."

मी वाकून पाहिलं. नाली माझ्याच परसातून येत होती. लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. येरूतीनं पुढं केलेला पाव मी खाल्ल्यासारखं केलं.

तेवढ्यात इसिद्रो जेवायला आला.

"आजी, राग नका मानू, पण रोज सकाळी पाणथळीत काय करता? पार पायवाट पडलीय तुमची. भट्टीचे मालकसुद्धा विचारत होते, म्हातारीचं काय पुरलंय तिथं."

तोंडाला आलं ते बोलून गेले, "पोरांना खेळायला चांगला चिखल शोधत होते."

"हात्तिच्या, एवढंच? मग या वयात तुम्ही कशाला वाहता? पायवाट संपते तिथलाच ना? उद्या यंत्र नेतो, ट्रॉली भरून आणतो."

पोरांनी टाळ्या पिटल्या. येरूती मला बिलगून उड्या मारायला लागली. नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण का नको, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते?

"एक पुरेल," इसिद्रोनं विचारलं, "का दोन आणू?"